उजवीकडची खुर्ची

कपाटाच्या माथ्यावरून हिवाळ्याची रजई ओढून काढताना तिच्यामागोमाग ताव्लीचा पटही आला. आनेस्तिसच्या खांद्यावर आपटून तो जमिनीवर पडला, बिजागरीवर फाकला आणि काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पलंगाखाली, टेबलाखाली, वाट मिळेल तिथे पळाल्या. खांदा चोळत आनेस्तिसने त्या पटाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फासे मात्र घरंगळत फिलिओच्या खुर्चीपर्यंत गेले आणि तिच्या डाव्या पायाशी विसावले. फिलिओने मान वाकवली. उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून शब्द म्हणावा असा एकही तिच्या तोंडून बाहेर पडला नव्हता. हवं असलं तर 'आ', नको असलं तर जरा लांबवलेला 'आऽ', आणि त्या दोहोंतला फरक आनेस्तिस कधी बरोबर ओळखायचा, कधी साफ चुकायचा. तीच फिलिओ आता फाशांकडे बघत, घसासुद्धा न खाकरता, स्वच्छ म्हणाली, "शेश-बेश."

सहा आणि पाच. खरोखर सहा आणि पाचच पडले होते. आनेस्तिस रजईसकट खाली बसला. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण." त्याने हात लांबवून फासे फिरवले, तीन आणि दोन केले. "सेबाइ-दू," फिलिओ म्हणाली, दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा इतक्या सहजपणे. दोन्हीकडे चार केले. "दोर्त-जिहार." आता मात्र आनेस्तिसला राहवेना. तो जिन्यात धावला आणि वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडला. आग्लाइया सपाता फटफटवत उतरली, तिने छातीवर क्रूस काढला, दृष्ट लागू नये म्हणून हवेत तीनदा थू-थू केलं आणि म्हणाली, "आता तुमचं नाव घ्यायला लावा, किर-आनेस्तिस." त्याने आपल्या छातीवर हात ठेवला. "फिलिओ, मी कोण? सांग बरं. मी कोण?" फिलिओ फाशांकडे बघत राहिली. "मग माझं विचारा," आग्लाइया म्हणाली, आणि लगेच, "नको, राहू दे. इतकी वर्षं भांडलोय आम्ही दोघी. विसरली असली तर माझंच भलं." ती हसली, पण जिना चढताना हाताआड तिने डोळे पुसले, ते आनेस्तिसने पाहिलं. त्याला तिचा राग आला.

ते शब्द फिलिओच्या बापाचे होते. समुद्रापलीकडून, स्मिर्नाहून, आईच्या कडेवर बसून आलेला प्रोद्रोमोस. कालामारियात त्याचं कॉफीचं दुकान होतं आणि तिथे फाशांचे आकडे गावच्या भाषेत कुणी बोलायचंच नाही, ते तिकडच्याच जुन्या बोलीत पुकारायचे असा दंडक होता. सहा-सहा, सगळ्यांत मोठं दान, म्हणजे दूसेश. 'दोन वेळा सहा' असं एखादा नवखा म्हणाला की प्रोद्रोमोस त्याची कॉफी परत न्यायचा. बायकांनी त्या दुकानात बसायची रीत नव्हती. फिलिओ मागच्या बाजूला, मोरीपाशी, कप विसळत उभी असायची. पट तिला दिसतही नसे. नुसते पुकारे ऐकून, सोंगटी लाकडावर कुठे आपटली त्याचा आवाज ऐकून, ती अख्खा डाव डोक्यात मांडायची. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आनेस्तिसला ते ज्या दिवशी कळलं तो दिवस त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत लाजिरवाणा दिवस, आणि तो आठवला की आजही त्याच्या अंगातून गोड कळ जाते. मार्चमधली सकाळ होती, प्रोद्रोमोस कुणाच्या तरी मयतीला गेला होता. आनेस्तिस लागोपाठ तिघांना हरवून मिशीला पीळ देत बसला होता आणि 'आता या दुकानात माझ्याशी खेळायला कुणी उरलं की नाही?' असं मोठ्याने विचारत होता. मोरीवरची पोरगी हात पुसत आली आणि समोर बसली. शेजारच्या टेबलांवरचे खेळ थांबले. तिने फासे मुठीत घेतले, कानाशी नेऊन हलवले, आतून कुणी काही सांगतंय आणि ते ऐकायलाच हवं अशा चेहऱ्याने, आणि टाकले. तीन डाव. तिन्ही डाव तो हरला, आणि नुसता हरला नाही, त्याची एकसुद्धा सोंगटी घरी पोचू दिली नाही तिने. उठताना ती म्हणाली, "शिकून ये." एवढंच. कप पुन्हा खळखळू लागले. तो शिकून आला, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, दर वेळी शिकून आला आणि दर वेळी हरला, आणि शेवटी लग्न करूनच ही बाई थांबेल असं वाटून त्याने प्रोद्रोमोसपाशी शब्द टाकला. लग्नानंतरही ती थांबली नाही.

मंगळवारी दानाई आली. फिलिओचं बोलणं परत आणण्यासाठी ही मुलगी आठवड्यातून एकदा यायची. पोरसवदा, पायात खेळाचे बूट, पिशवीत सफरचंदाची, मांजराची, किल्लीची चित्रं. आनेस्तिसने तिला दारातच फाशांची बातमी दिली. तिला आनंद झाला, पण त्याला हवा होता तेवढा झाला नाही. "असं होतं," ती म्हणाली. "आकडे, प्रार्थना, शिव्या, वर्षानुवर्षं जिभेवर बसलेल्या गोष्टी वेगळ्याच कप्प्यात असतात. त्या आपोआप येतात. त्याचा अर्थ बाकीचं लगेच येईल असा नाही हं." आनेस्तिसने मान हलवली. मग जे विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं तेच विचारलं. "पण ती मला ओळखते का?" "ओळखत असणारच की!" दानाई म्हणाली. त्या 'असणार'वर आनेस्तिसचं मन अडकून पडलं. रविवारी श्टुटगार्टहून मुलाचा, पाव्हलोसचा फोन आला तेव्हा त्यानेही तेच विचारलं. "आई तुला ओळखते ना रे बाबा? खरं सांग. कारण ओळखत नसेल, तर तू एकट्याने हे सगळं कुणासाठी ओढतोयस? वृद्धाश्रमात चांगली माणसं असतात, नर्सा असतात." आनेस्तिस म्हणाला, "ओळखते म्हणजे काय! कालच मला गाढव म्हणाली." पाव्हलोस मोकळेपणाने हसला. पोराशी खोटं बोलण्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पण ते खोटं इतकं गोड निघालं होतं की ते खरं व्हावं म्हणून त्याचा जीव तळमळत राहिला. गाढव म्हण. काहीही म्हण. पण मला म्हण.

कारण ती त्याच्याकडे बघत नव्हती. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, दानाईलाही नाही. सकाळी तिला उठवून, धुऊनपुसून, केस विंचरून (वेणी अजून वाकडीच येत होती) तो तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचा आणि आपली खुर्ची तिच्या उजव्या अंगाला ओढायचा. लुळा पडलेला हात उजवा. तोच चोळायचा, त्याचीच बोटं एकेक करून उघडायची, त्यालाच ऊब द्यायची, म्हणून आनेस्तिसची जागा उजवीकडे. इस्पितळात पहिल्या रात्रीपासून तो उजवीकडेच बसला होता. तिथल्या डॉक्टरांनी घरी पाठवताना पुष्कळ गोष्टी सांगितल्या, गोळ्यांच्या, जेवणाच्या, पायाखाली उशी ठेवण्याच्या. त्यांतल्या निम्म्या त्याच्या डोक्यावरून गेल्या, पण उजवी बाजू सांभाळा हे मात्र त्याने मनाशी घट्ट धरलं. तर तो असा तिचा हात मांडीवर घेऊन बसायचा, बोलत राहायचा, आज वारदारिस वारा सुटलाय बघ, समुद्र कसा शहारलाय, आणि ती डावीकडे बघायची. खिडकीकडे, खिडकीपलीकडच्या दाराकडे. कुणाची तरी वाट बघावी तशी. नुसती शून्यात बघती तर त्याने समजून घेतलं असतं. पण ती शोधत होती. तिच्या डोळ्यांत शोध होता, काळजी होती, मधूनच दारात पाऊल वाजलं की आशाही चमकायची, आणि तो तिच्या एवढ्या जवळ बसलेला की तिच्या मानेवरचा साबणाचा वास त्याला यायचा. मग कुणाला शोधते ही? या वयात, या अवस्थेत, आनेस्तिसला मत्सर वाटू लागला. तंबाखूच्या वखारवाल्याचा एक मुलगा होता, स्ताव्ह्राकिस नावाचा, गोरा, घारा, प्रोद्रोमोसच्या मनात जावई म्हणून तोच होता. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला. इतक्या वर्षांत फिलिओने कधी त्याचं नावही काढलं नव्हतं, आणि आता आनेस्तिसला वाटू लागलं की न काढलेलीच नावं बहुधा खोल राहत असतील. आपल्या मनाला येणारे हे विचार त्याला किळसवाणे वाटायचे. तरी ते यायचे, माशीसारखे, हाकलले की पुन्हा.

जेवणाचंही तसंच. आनेस्तिसचं सगळं आयुष्य चौकातल्या खोक्यात गेलं होतं, सिगारेटी, वर्तमानपत्रं, गोळ्या-चॉकलेटं विकण्यात. स्वयंपाकघरात तो पाणी प्यायलासुद्धा पाहुण्यासारखा जायचा. आता तो आग्लाइयाला विचारून विचारून शिजवत होता. त्राहानाचं सूप, पालकभात, जिरं घालून केलेले लांबट खिम्याचे गोळे, जे फिलिओच्या माहेरची खूण. ताटली तिच्यापुढे ठेवायची आणि तिच्या डाव्या हातात चमचा द्यायचा, स्वतःच्या हाताने खाऊ द्या असं दानाईने बजावलं होतं. फिलिओ खायची, पण अर्धंच. अर्धी ताटली लख्ख, अर्धी जशीच्या तशी. चमचा खाली ठेवून ती त्या ताटलीकडे बघायची, जरा उदास. "मीठ कमी झालं का? जास्त झालं? तुझ्या आईसारखं होणार आहे का बाई माझ्या हातून!" आनेस्तिस उरलेलं भांड्यात ओतायचा आणि मोरीपाशी उभा राहून स्वतःच संपवायचा. मग एकदा आग्लाइयाने स्वतःच्या हातचे भरलेले टोमॅटो आणले, दोन, शेजारी शेजारी. फिलिओने एक खाल्ला. दुसऱ्याला शिवली नाही. आग्लाइयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझ्या हातचं आजवर कुणी ताटात टाकलेलं नाही," ती म्हणाली. "माझा नवरासुद्धा, देव त्याला शांती देवो, मरायच्या आदल्या दिवशी दोन खाऊन गेला." "आजारी आहे हो ती," आनेस्तिस म्हणाला. "आजारी आहे म्हणूनच गप्प बसले," आग्लाइया म्हणाली.

गप्पच बसली होती ती, आणि आनेस्तिसला तेच सलत होतं. पूर्वी दुपारी, सगळी इमारत जेवून आडवी झालेली असताना, यांच्या सोंगट्या लाकडावर टणाटण आपटायच्या आणि वरून आग्लाइया झाडूच्या दांड्याने जमीन ठोकायची. फिलिओ तिला उत्तर म्हणून पुढची सोंगटी आणखी जोरात आपटायची. आता पट सापडल्यापासून ते पुन्हा रोज दुपारी खेळू लागले होते, आनेस्तिस त्याच उजवीकडच्या खुर्चीत बसून, पण वरून ठोकणं नाही. समजूतदार शांतता. बेकरीवाला पाव कापडात गुंडाळून द्यायचा, इमारतीचा रखवालदार त्याच्या हातातली पिशवी ओढून घ्यायचा, सगळं जग एकाएकी सभ्य झालं होतं आणि आनेस्तिसला त्या सभ्यतेत गुदमरायला व्हायचं. आणि गंमत म्हणजे पटावर तो स्वतः तेच करत होता. पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की फिलिओचा खेळ गेला. फासे पडले की कधी ती पुकारायची, 'पेंज-ऊ-दू', 'दूसेश', आणि त्याच्या अंगावर काटा यायचा. कधी फासे समोर पडलेले असूनही ती बघतच राहायची, जणू अजून पडायचेच आहेत. मग तोच आकडे सांगायचा. तिच्या पटाच्या अर्ध्या भागातल्या सोंगट्या ती शहाण्यासारख्या हलवायची, आणि उरलेल्या अर्ध्यातल्या विसरूनच जायची. चांगले दिवस, वाईट दिवस, तो मनाशी म्हणायचा. आणि मुद्दाम चुका करायचा. एकटी सोंगटी तिच्या पुढ्यात आणून ठेवायचा, जोडीची दारं, म्हणजे दोन-दोन सोंगट्यांनी अडवलेली घरं, उघडी टाकायचा, मार मला, म्हणून. ती मारायची. पण पूर्वीसारखी नाही. पूर्वी त्याची सोंगटी मारली की तिची एक भुवई वर जायची, फक्त एक, डावी. तेव्हा ती दुपारची जेवणाची वाटी रुमालात बांधून खोक्यावर यायची आणि मागच्या बाजूला, फळांच्या पालथ्या पेटीवर, ते दोघे खेळायचे. खोक्याच्या छोट्या खिडकीतून आनेस्तिसला जगाचे फक्त हात दिसायचे. माणसं तो हातांवरून ओळखायचा, डॉक्टरचे, गवंड्याचे, नुकत्याच लग्न झालेलीचे. पण मागे वळलं की पेटीवर फिलिओचा हात, ब्लीचचा आणि कांद्याचा वास असलेला, फासे धरून कानाशी गेलेला. पुढून गिऱ्हाईक ओरडायचं, "किर-आनेस्तिस, दोन पाकिटं द्या की!" आणि तो मागूनच सांगायचा, "थांबा हो, इथे मारतायत मला!" चौकातल्या सगळ्यांना माहीत होतं की त्याला कोण मारतं. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट मागितली होती, की एकदा तरी, नशिबाने नव्हे, फाशांच्या कृपेने नव्हे, खेळून हिला हरवावं. आता तो तिला कधीही हरवू शकत होता. रोज दुपारी, जागेवर. आणि या विचाराने त्याला इतकं एकटं वाटायचं की खेळता खेळता तो उठून मोरीवर जायचा आणि तोंडावर पाणी मारून परत यायचा.

त्या दिवशीही डाव अर्ध्यावर आला होता आणि दार वाजलं. आग्लाइया बशीत बिहीफळाचा मुरांबा घेऊन आली होती. टोमॅटोंचा सल तिने पुरा सोडला नव्हता असं दिसत होतं, कारण ती तडक आत आली आणि आनेस्तिसच्या नेहमीच्या खुर्चीत, फिलिओच्या उजव्या अंगाला, ऐसपैस बसली. "आज मी भरवणार. बघू कशी नाही म्हणते. किर-आनेस्तिस, पाणी आणा थंड, गोडाबरोबर लागतं." त्याने पाणी आणलं. तोवर आग्लाइयाने चमचा पुढे केला होता. "फिलिओ! ए फिलिओ! अगं इकडे, बघ कसा मधासारखा झालाय." फिलिओ खिडकीकडे बघत होती. चमचा ओठांना लागला तेव्हा ती दचकली, मुरांबा हनुवटीवरून ओघळला. "पाहिलंत? माझ्याकडे ढुंकून बघत नाही. रुसलीय माझ्यावर. इतक्या वर्षांचं साठलेलं काढतेय." आनेस्तिस हातात पेला घेऊन उभा. त्याची खुर्ची आग्लाइयाने अडवलेली, आणि आग्लाइया एकदा बसली की तिला उठवणं सोपं नव्हतं. म्हणून तो पलीकडून वळसा घालून गेला, खिडकीच्या बाजूने, आणि पेला द्यायला फिलिओच्या डाव्या अंगाला वाकला.

फिलिओने त्याला पाहिलं. पाहिलं म्हणजे कसं, बोटीवरून उतरलेल्या गर्दीत आपला माणूस सापडावा तसं. तिचा अर्धा चेहरा उजळला, अर्धा जागच्या जागी राहिला. डावा हात उठला, पेल्याला धक्का लागून पाणी सांडलं, त्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तो हात आनेस्तिसच्या दाढीच्या खुंटांवर आला, गालावर, कानावर, पुन्हा गालावर. इतके दिवस कुठे होतास, असं तो हात विचारत होता. तिच्या ओठांची धडपड चालली होती. शब्द सापडत नव्हता, ती तो शोधत होती, जिभेखाली, दातांमागे, आणि शेवटी हाताला लागला तोच तिने दिला. "दूसेश," फिलिओ म्हणाली.

"काय म्हणते?" आग्लाइयाने विचारलं.

"काही नाही. खेळातलं आहे," आनेस्तिस म्हणाला. तो सरळ झाला आणि आग्लाइयाच्या खुर्चीमागून उजवीकडे गेला. फिलिओचे डोळे त्याच्यामागे आले, आले, आणि नाकासमोरच्या कुठल्यातरी रेषेपाशी थबकले. चेहरा विझला. पुन्हा ती तशीच, दाराकडे, खिडकीकडे शोधू लागली. तो धावत डावीकडे आला. उजळला चेहरा. उजवीकडे. विझला. "हे काय लहान पोरांसारखं लपाछपी खेळताय दोघं? वय काय तुमचं!" आग्लाइया म्हणाली. आनेस्तिसने तिच्या हातातली मुरांब्याची बशी घेतली, टेबलावर ठेवली, आणि फिलिओच्या उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकवत नेली. मध्यावर येताच फिलिओने चमच्यासाठी हात पुढे केला. आग्लाइयाचं तोंड उघडंच राहिलं. "अगं बाई," ती म्हणाली. "तिला ही बाजू दिसतच नाही." मग क्षणभराने, "म्हणजे माझा टोमॅटो..." आणि एवढं बोलून ती हुंदके देऊन रडू लागली, टोमॅटोसाठी की कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. आनेस्तिस रडला नाही. तो फिलिओच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसला आणि उन्हाळ्यापासूनचे सगळे दिवस त्याच्यापुढून जाऊ लागले. तो तिच्याजवळून एक दिवसही हलला नव्हता. आणि ती इतके दिवस त्यालाच शोधत होती. दारात पाऊल वाजलं की तोच आला असं तिला वाटत होतं. तो उजव्या हाताशी बसून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एका माणसाचा हेवा करत होता. स्वतःच्या मूर्खपणाची इतकी लाज, आणि त्या लाजेच्या पोटात इतकं सुख, त्याला पूर्वी एकदाच वाटलं होतं.

आग्लाइया गेल्यावर त्याने टेबल ओढलं. पट तसाच मांडलेला होता, अर्धा डाव, ठरवून केलेल्या चुकांसकट. त्याने तो टेबलाच्या कडेपर्यंत डावीकडे सरकवला, आपली खुर्चीही सरकवली, आणि पहिल्यांदाच अख्खा पट फिलिओच्या दिसणाऱ्या जगात आला. ती बघू लागली. तिची नजर एका टोकापासून निघाली, सोंगटी सोंगटी करत दुसऱ्या टोकाला पोचली, परत आली. तिला आपल्या विसरलेल्या सोंगट्या दिसल्या, कोपऱ्यात ताटकळत पडलेल्या. त्यांच्याकडे ती जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिला आनेस्तिसच्या सोंगट्या दिसल्या. तीन सोंगट्या तीन ठिकाणी एकट्यादुकट्या, मोकळ्यावर, प्रोद्रोमोसच्या दुकानातल्या सगळ्यांत दारुड्या गिऱ्हाइकानेही ठेवल्या नसत्या अशा. उघडी टाकलेली दारं. एखाद्या पोराला, आजाऱ्याला, देवभोळ्या म्हातारीला जिंकू द्यावं तसा मांडलेला डाव. फिलिओने मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं. आनेस्तिसने नजर चुकवली. "अगं, म्हटलं जरा..." तो म्हणाला.

फिलिओने डावा हात पटावर आडवा ठेवला आणि एका फटक्यात सगळा डाव मोडला. सोंगट्या कडेवर खडखडल्या, दोन खाली पडल्या. आनेस्तिसला वाटलं, संपलं. पण ती थांबली नाही. तिने एक काळी सोंगटी उचलली, तिच्या घरात नेऊन ठेवली. दुसरी उचलली. ती बोटांतून निसटली, पुन्हा उचलली, पहिलीला चिकटवून ठेवली. ती नवा डाव मांडत होती. त्याचा हात आपोआप पुढे झाला, आपल्या पांढऱ्या तरी आपण लावाव्या म्हणून, तर तिने त्या हातावर चापट मारली. चांगली जोरात. मग त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि बसून राहिला. मदत न करणं हे इतकं कठीण काम असतं हे त्याला माहीत नव्हतं. बाहेर वारदारिस तावदानं हलवत होता, चुलीवर सूप आटत होतं, त्याचा वास येऊ लागला, आणि तो हलला नाही. फिलिओ एका हाताने, एक एक करून, तिच्या आणि त्याच्या सोंगट्या लावत होती. एकदा त्याच्या रांगेत एक कमी पडली. ती मोजत बसली, चुकली, पुन्हा मोजली, मग खाली पडलेल्यांकडे बोट केलं. तेवढं मात्र त्याने उचलून दिलं. शेवटी तिने फासे मुठीत घेतले. ती मूठ डाव्या कानाशी गेली. डाव्या कानाने ऐकायला तिने नव्यानेच सुरुवात केली होती, पण ऐकत मात्र ती तशीच होती.

तो खेळला. पहिल्या दोन खेळ्या त्याच्या अंगवळणी पडलेल्या दयेने त्याचा हात ओढला, पण तो ओढ मोडून खेळला, जसा तरुणपणी शिकून शिकून परत जायचा तेव्हा खेळायचा, जिभेचं टोक दातांत धरून. फिलिओ हळू खेळत होती. घरं मोजताना बोट एकेका घरावर ठेवत होती, दोनदा भलतीकडेच गेली, एकदा आपण काळ्या की पांढऱ्या हेच विसरली. आनेस्तिस थांबायचा, सांगायचा नाही. मग तिची एक सोंगटी एकटी सापडली. मधल्या घरात, मोकळ्यावर, मुद्दाम नव्हे, चुकून राहिलेली. त्याला नेमके पाच आणि दोन हवे होते आणि पाच आणि दोनच पडले. "पेंज-ऊ-दू," फिलिओ म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाही ते दिसलं. या हाताने उन्हाळ्यापासून तिला धुतलं होतं, पुसलं होतं, उचललं होतं. त्याने सोंगटी उचलली, पाच घरं, दोन घरं, आणि लाकडावर अशी खणकन आपटली की तावदानाबाहेरचं कबूतर उडालं. तिची सोंगटी त्याने मारली, उचलून पटाच्या मधल्या पट्टीवर ठेवली, जिथे मेलेल्या ठेवतात. दारं त्याने सगळी लावून घेतली होती, तिला परत यायला एक फट नव्हती. तो जिंकत होता. खेळून जिंकत होता. समोर बसलेल्या बाईला ते अजिबात आवडलेलं नव्हतं. तिने त्याच्याकडे अशा जळजळीत नजरेने बघितलं की आनेस्तिसच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते न पुसताच त्याने तिच्यापुढे फासे सरकवले.